रानडुकरांसाठी मिरची-एरंडेलाची दोरी: बनवायची कशी, बांधायची कुठे आणि कुठे ती कामाची नाही

भुईमुगाच्या शेंगा भरायला लागल्या किंवा मक्याचं कणीस दुधात आलं की रानडुकरं शेतात उतरतात. एका कळपाने रात्रीत जेवढं खाल्लेलं असतं त्याहून जास्त तुडवलेलं आणि उकरलेलं असतं. यावर मिरची, एरंडेल, लसूण, कडुलिंब यांचे उपाय गावोगाव सांगितले जातात, आणि ‘करून पाहिलं, उपयोग नाही’ असंही तितक्याच वेळा ऐकू येतं. दोन्ही बोलणी खरी असतात. वनस्पतीतलं द्रव्य प्राण्यावर नेमकं कसं काम करतं हे लक्षात न घेता दोरी बांधली, तर चार रात्री डुकरं बिचकतात आणि पाचव्या रात्री दोरीखालून आत येतात.

मिरचीचा जाळ म्हणजे कॅप्सेसिन. सस्तन प्राण्यांच्या नाकातोंडातल्या मज्जातंतूंवर उष्णता ओळखणारा एक ग्राहक (रिसेप्टर) असतो. तापमान साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की तो ‘भाजतंय’ असा निरोप मेंदूला देतो. कॅप्सेसिन याच ग्राहकावर जाऊन बसतं, म्हणून काहीही न भाजता भाजल्याची वेदना होते. हा ग्राहक शोधणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

आता शेतातली गोष्ट. शुद्ध कॅप्सेसिनला वास नसतो आणि ते हवेत जवळजवळ उडतच नाही. म्हणजे दोरीला लावलेली मिरची चार हातांवरच्या डुकराला काहीही करत नाही. त्याचं नाक चिंधीला लागलं, तरच चटका बसतो. लांबून जाणवतो तो तेलाचा वास, आणि निव्वळ वासाला रानडुक्कर लवकर सरावतं. त्याचं नाक कुत्र्याच्या तोडीचं असतं. वासामागे धोका नाही हे एकदा कळलं, की तो वास त्याच्यासाठी संपला. म्हणून ही दोरी दोन गोष्टी मिळून काम करते. एरंडेल-करंजाचा उग्र वास ही सूचना आणि मिरचीचा चटका ही शिक्षा. एक-दोनदा नाक पोळलं की डुक्कर त्या वासाशी चटका जोडतं आणि पुढे वासावरूनच मागे फिरतं. शिक्षा नसेल तर सूचनेला अर्थ राहत नाही. बाजारातले फक्त वासाचे उपाय दुसऱ्या आठवड्यात का थकतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

मिरची कोणती आणि तेल कोणतं

रंगाला भुलू नका. ब्याडगी लालभडक असते, पण तिच्यात तिखटपणा फार कमी, त्यामुळे या कामाला ती निरुपयोगी. लवंगी किंवा गुंटूरची तेजा घ्या. बाजारात पडून राहिलेली, रंग उडालेली डागी मिरची स्वस्त मिळते आणि ती चालते, कारण रंग गेला म्हणजे तिखटपणा गेला असं नाही. बुरशी आलेली मात्र नको. घेताना एक मिरची मोडून तिच्या आतल्या पांढऱ्या शिरेचा कण जिभेला लावून पाहा. कॅप्सेसिन तयार होतं ते त्या शिरेत, बियांत नव्हे. बियांना ते शिरेला चिकटून असल्याने लागतं. म्हणून मिरची शिरांसकट दळायची. देठ काढा आणि दळण अगदी बारीक न करता रवाळ ठेवा. बारीक पूड जास्त उडते आणि दळणाऱ्याचे हाल करते.

कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. मिरची पाण्यात उकळून केलेला काढा फसतो तो इथेच. पाण्याला लाल रंग येतो, डोळ्यात पाणी आणणारा ठसकाही उठतो, पण बहुतेक तिखट चोथ्यातच राहतं आणि तो आपण गाळून फेकतो.

तेलांत एरंडेल सर्वांत सोयीचं. ते दाट असतं, लवकर वाळत नाही आणि आठवडा-दोन आठवडे चिकट राहतं. त्यात करंजाचं तेल मिसळलं की वास उग्र होतो आणि खर्चही उतरतो. जवसाचं तेल मात्र अजिबात वापरू नका. ते हवेत वाळून कडक पापुद्रा धरतं, मग मिरची आत कोंडून पडते आणि नाकाला लागत नाही. शिवाय जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग गोठ्यात पडून राहिला तर तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. गाडीचं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून बरेच जण तेच वापरतात. त्यात जड धातू आणि इंधन जळून उरलेली घातक द्रव्यं असतात, आणि पहिल्याच पावसात ती आपल्याच बांधावर उतरतात. तंबाखूची पूडही टाळा. ओल्या तेलातून निकोटीन माणसाच्या कातडीत शिरतं, आणि दोरी बांधणाऱ्यालाच मळमळ आणि चक्कर सुरू होते.

एक एकरासाठी मिश्रण

चौकोनी एकराचा घेर साधारण २५५ मीटर भरतो. दोन पदरी दोरी आणि दर दोन मीटरला एक चिंधी धरली, तर दोन्ही पदरांना मिळून सुमारे २६० चिंध्या लागतात. त्यासाठी ५ लिटर तेल पुरतं: ३ लिटर एरंडेल आणि २ लिटर करंजाचं. त्यात रवाळ दळलेली तिखट मिरची १ किलो आणि मेण ५०० ग्रॅम. मधमाशीचं मेण उत्तम, नसेल तर मेणबत्तीचं चालतं. मेणामुळे तेल मलमासारखं घट्ट होतं, ठिबकत नाही आणि हलक्या सरीत टिकतं.

काम उघड्यावर करा आणि वाऱ्याकडे पाठ ठेवा. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर बंद चष्मा आणि नाकातोंडावर दुहेरी फडकं हवं. भांडं जुनं घ्या आणि नंतर ते स्वयंपाकात वापरू नका. तेल थेट जाळावर ठेवायचं नाही. मोठ्या पातेल्यात पाणी गरम करून त्यात तेलाचं भांडं ठेवा. तेल हाताला सोसवणार नाही इतकं तापलं, म्हणजे ६० ते ७० अंशांच्या आसपास आलं, की मिरची घाला आणि तासभर अधूनमधून ढवळत राहा. थेट जाळावर तेल धुरावलं की मिरचीचा धूर सुटतो, आणि दम्याच्या माणसाला तो दवाखान्यात नेऊ शकतो.

तासाभराने भांडं उतरवा, झाकण ठेवून दोन दिवस मुरू द्या. मग पुन्हा कोमट करून त्यात वितळवलेलं मेण घाला आणि थंड होईपर्यंत हलवा. गाळू नका. मिरचीचा रवा चिंधीवर राहिला पाहिजे, कारण नाकाला आधी तोच लागतो. मिश्रण फार घट्ट झालं तर थोडं एरंडेल, फार पातळ राहिलं तर मेण वाढवा.

चिंध्यांना तागाची जुनी पोती सर्वांत चांगली. ४ इंच रुंद आणि १२ इंच लांब पट्ट्या कापा. मोठ्या पोत्यातून अशा ३५ च्या आसपास पट्ट्या निघतात, म्हणजे सात-आठ पोती पुरतात. युरिया-सिमेंटच्या प्लास्टिक पोत्यांवर तेल थांबत नाही. जुन्या सुती साड्या-धोतरं चालतात, पण दुहेरी घडी करा. प्रत्येक पट्टी मिश्रणात बुडवून हलकी पिळा. पट्टीत अंदाजे २० मिलिलिटर राहायला हवं.

हात भाजले तर आधी खाण्याचं तेल चोळा, ते पुसून काढा आणि मग साबण लावा. नुसत्या पाण्याने जळजळ हातभर पसरते. डोळ्यात गेलं तर मात्र तेलबिल काही नाही. स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जा.

बांधणी

खुंट तीन-तीन मीटरवर, जमिनीवर अडीच फूट राहतील असे. त्यांना काथ्याची दोरी दोन पदरी बांधा: खालचा पदर जमिनीपासून ९ ते १० इंचांवर, वरचा २० इंचांवर. डुक्कर चालताना नाक खाली धरतं, आणि पिल्लांचं तर आणखी खाली असतं. लोक दोरी कंबरेच्या उंचीला बांधतात, कारण वाकायला नको. मग चिंध्या डुकराच्या पाठीवरून सरकतात, आणि राठ केसांच्या त्या पाठीला मिरचीचं काही वाटत नाही. खालच्या पदरावर चिंध्या दर दोन मीटरला बांधा आणि वरच्या पदरावरच्या त्यांच्या मधोमध येतील अशा ठेवा. खालची चिंधी जमिनीला टेकू देऊ नका. माती लागली की तिच्यावर पापुद्रा धरतो.

दोरी बांधण्याआधी शेताच्या कडेने एक फेरी मारा. डुकरं रोज नवी वाट काढत नाहीत. ओढ्याकडची ओली माती, लोळण घेतलेली डबकी, गुडघ्याच्या उंचीला चिखलाने माखलेली झाडांची खोडं, कुंपणाला अडकलेले राठ केस, जोडखुरांच्या खुणा हे सगळं वाट दाखवतं. अशा जागी दहा मीटरपर्यंत चिंध्या दाट करा, दर दोन फुटांना एक. पैसे किंवा वेळ कमी असेल तर रस्त्याकडची आणि वस्तीकडची बाजू सोडा, पण ओढ्याकडची आणि जंगलाकडची बाजू सोडू नका.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: वेळ. दोरी पीक गोड होण्याच्या दहा-बारा दिवस आधी लागली पाहिजे. मका दुधात येण्याआधी, भुईमुगात शेंगा भरण्याआधी, भाताचा दाणा चिकात येण्याआधी. शेतात काय आहे हे ज्या कळपाला अजून माहीत नाही, तो नाक पोळल्यावर सहज मागे फिरतो. ज्याने दोन रात्री पोटभर शेंगा खाल्ल्या आहेत, तो चटका सोसून आत येतो. नुकसान सुरू झाल्यावर बांधलेली दोरी बहुतेक हरते, आणि दोष मिरचीला दिला जातो.

पावसाचं गणित वेगळं. मेण घातलेलं मिश्रण रिमझिम सोसतं, पण एक जोरदार सर झाली की ते पुन्हा लावावं लागतं. यावर स्वस्त उपाय म्हणजे पाण्याच्या बाटलीचं टोपरं. लिटरच्या बाटलीचा तळ कापून टाका, बुचात भोक पाडून त्यातून सुतळी ओवा, आणि चिंधी अशी टांगा की तिचा वरचा अर्धा भाग बाटलीच्या आत राहील आणि खालचा उघडा. कोकणात जुलै-ऑगस्टच्या भातासाठी मात्र या दोरीवर पैसे घालू नये असंच आमचं मत आहे. तिथे ती दिवाळीच्या आसपास कापणीला येणाऱ्या पिकाला, रताळ्याला, उन्हाळी भुईमुगाला चालते. विदर्भ-मराठवाड्यात रब्बीचा मका आणि हरभरा ही तिची खरी जागा.

कोरड्या हवेत दर आठ ते दहा दिवसांनी चिंध्यांवर ब्रशने नवा हात द्या. ऊन आणि धूळ दोन्ही तिखटपणा मारतात. नवा हात देताना चिंध्यांच्या जागाही फूटभर सरकवा.

काम होतंय का, हे कसं कळणार

दोरीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला फूटभर रुंदीची पट्टी कुदळीने भुसभुशीत करून सपाट करा. रोज सकाळी खुणा पाहा आणि पट्टी पुन्हा सपाट करा. बाहेर खुरं आहेत आणि आत नाहीत, म्हणजे डुकरं आली आणि फिरली. दोन्हीकडे खुरं आहेत, म्हणजे दोरी हरली. बाहेरही खुरं नाहीत, म्हणजे त्या रात्री कळप आलाच नाही, आणि त्याचं श्रेय दोरीला देऊ नका. आणखी खात्री हवी असेल तर एका बाजूचा वीस मीटरचा तुकडा मिरची न घालता नुसत्या तेलाच्या चिंध्यांचा ठेवा. दोन्हीकडचा फरक दिसला तर मिरची काम करते आहे. फरक नसेल तर मिरची कमी तिखट आहे किंवा चिंध्यांची उंची चुकली आहे.

दोरीने जागल संपत नाही. सुमात्रातल्या वे कांबास राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला हत्तींसाठी मिरची-ग्रीसच्या दोऱ्यांची पद्धतशीर चाचणी झाली होती. तिथे राखणदार, आवाज आणि उजेड यांनी जे काम झालं, त्यात मिरचीने फारशी भर घातली नाही. हत्तीसाठी मिरची वापरण्याची कल्पना झिंबाब्वेतून पुढे आली आणि मग भारतातही पोहोचली. कर्नाटकातून २००२ मध्ये दोडामार्गात आलेल्या हत्तींमुळे तळकोकणातही तिची चर्चा होते. हत्तीच्या बाबतीत आमचं सांगणं स्पष्ट आहे: वनविभागाला सोबत घेतल्याशिवाय एकट्याने काही करू नका. डुकरांसाठीही दोरी असताना आठवड्यातून तीन-चार रात्री जागल ठेवा आणि तिची वेळ बदलती ठेवा. दोरीमुळे राखणदाराचं काम सोपं होतं, कारण कळप दोरीपाशी थबकतो आणि टॉर्चच्या टप्प्यात येतो.

मिरचीची शेणी

दोरीला जोड म्हणून धूर चांगला. ताजं शेण पाच भाग, मिरची पूड एक भाग आणि भाताचं तूस एक भाग असं मळून शेण्या थापा, आठवडाभर कडक वाळवा. संध्याकाळी पत्र्याच्या डब्यात शेणी ठेवून पेटवा आणि ज्वाळा विझवून नुसती धुमसू द्या. ज्वाळेत मिरची जळून जाते, धुमसताना मात्र तिचे कण धुरासोबत हवेत जातात. दोरीवरच्या मिरचीपेक्षा हा धूर लांबून लागतो, हाच त्याचा फायदा. वारा शेताकडून जंगलाकडे असेल तेव्हाच करा. वारा घराकडे वळला तर लगेच डब्यावर माती टाका. जंगलाला लागून शेत असेल तर उन्हाळ्यात शेणी पेटवूच नका. एका ठिणगीने डोंगर जातो.

कलमं आणि रोपं

रोही, ससे आणि साळिंदर यांच्यापासून लहान कलमं वाचवायला फवारा लागतो. २५० ग्रॅम तिखट मिरची पूड अर्धा लिटर कडुलिंबाच्या तेलात दोन दिवस मुरवून कापडातून घट्ट पिळा. एक लिटर कोमट पाण्यात आधी ५ ग्रॅम मऊ साबण विरघळवा, त्यात या अर्काचे १० मिलिलिटर हळूहळू ओतत जोरात ढवळा, म्हणजे दुधाळ मिश्रण होतं. साबण नसेल तर तेल वर तरंगतं आणि पंपातून आधी नुसतं पाणी, शेवटी नुसतं तेल निघतं. तेलाचं प्रमाण यापेक्षा वाढवू नका आणि उन्हात फवारू नका, पानं करपतात. संध्याकाळी दोन रोपांवर मारून दोन दिवस थांबा, मग सगळ्यांवर मारा. फवारा फक्त जिथे पडला तेवढाच भाग वाचवतो. नंतर फुटलेली कोवळी पालवी उघडी असते, आणि रोह्याला तीच हवी असते. म्हणून पालवीच्या दिवसांत दर आठवड्याला फवारणी.

लसूण घालायचा असेल तर कच्चा ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवा आणि मग अर्कात मिसळा. त्याचा उग्रपणा ठेचल्यावर तयार होतो, आणि ठेचायच्या आधीच पाकळ्या उकळल्या तर तो तयारच होत नाही.

तोडणीला आलेल्या फळांवर किंवा पालेभाजीवर हे मारू नका. तेलातला तिखटपणा पाण्याने धुतला जात नाही, आणि पेटी उघडणाऱ्या माणसाचे डोळे भाजतात. माकडं-वानरांवरही भरवसा ठेवू नका. ती फळ पुसून, सोलून खातात.

पक्ष्यांसाठी तर मिरची पूर्ण वाया. त्यांच्या शरीरातला तो ग्राहक कॅप्सेसिनला दाद देत नाही. पोपट लाल मिरच्या खुशाल खातात, आणि मोराने उकरलेल्या पेरणीवर मिरची उधळून काही होत नाही. पक्ष्यांना त्रासदायक वाटणारं वनस्पतीतलं द्रव्य वेगळंच आहे, मिथाइल अँथ्रानिलेट. ते कॉनकॉर्ड द्राक्षांत, संत्र्याच्या फुलांत आणि जाई-मोगऱ्याच्या कुळातल्या फुलांत असतं. घरी काढण्यासारखं ते नाही. ज्वारीच्या कणसांना जाळी किंवा चकाकती रिबिनच बरी.

कडेने पीक लावण्याचा उपाय मात्र जरूर करा. भुईमुगाभोवती काटेरी करडईच्या चार ओळी, मक्याभोवती एरंडाच्या चार ओळी. डुक्कर करडईच्या काट्यांतून नाक घालायला कचरतं, आणि एरंडाच्या वासात मक्याचा वास दबतो. एरंडाच्या बिया आणि पेंड विषारी असतात. ती पेंड खत म्हणून चांगली आहे, पण गोठ्यात, कुत्र्याच्या किंवा लेकरांच्या हाती लागेल अशी ठेवू नका.

या सगळ्यात विष, फासे, गावठी बॉम्ब किंवा तारेत वीज सोडणं यांना जागा नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली तो गुन्हा आहे, आणि विजेच्या तारेने डुकराआधी शेजारचा माणूस मरतो. दोरी असूनही नुकसान झालंच तर पीक न हलवता फोटो काढा, खुणा राहू द्या आणि त्याच दिवशी वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करा. शेत आवरून टाकल्यावर पंचनाम्यात दाखवायला काही उरत नाही.

पीक निघाल्यावर चिंध्या बांधावर सोडू नका. सुकलेल्या चिंध्यांवरून मिरचीचा रवा गळून चाऱ्यात जातो आणि बैलांची तोंडं भाजतात. मोजे घालून चिंध्या उतरवा, लांब खड्ड्यात पुरा. जाळू नका, त्या धुराने आसपासच्या घरांतली माणसं हैराण होतील. काथ्याची दोरी गुंडाळून कोरड्या जागी ठेवली तर पुढच्या हंगामाला येते. उरलेलं मिश्रण काचेच्या किंवा जाड प्लास्टिकच्या डब्यात, झाकण घट्ट लावून, अंधाऱ्या जागी ठेवा आणि डब्यावर ठळक लिहा, म्हणजे कुणी ते औषधी एरंडेल समजणार नाही. पुढच्या वर्षी वापरताना त्यात पावपट ताजी मिरची घाला.